फिरत्या नाटक कंपनीतली जुनी नोकरी सोडायचीय, कधी सांगू?

प्रश्न: बरीच वर्षं एका छोट्या फिरत्या कंपनीत बॅकस्टेज सांभाळतोय, म्हणजे सेट लावणं, लाइट ऑपरेट करणं, टेम्पो भरणं आणि कोणी आजारी पडलं तर छोटी भूमिकापण. आता सोडायचंय, पण दौरा लागलाय आणि सगळे क्यू (लाइट कधी, काय बदलायचा त्या खुणा) माझ्या डोक्यात आहेत, कागदावर काहीच नाही. प्रयोग अडतील का?

उत्तर १: दौऱ्याच्या मधेच सोडू नका, दोन दौऱ्यांमधली गॅप बघून सांगा, तेही लेखी. राहिलेली नाइट (प्रयोगामागे मिळणारे पैसे) आधी मागून घ्या, नंतर फोन उचलत नाही कोणी.

उत्तर २: क्यू शीट आजच लिहायला घ्या. कुठल्या वाक्याला कुठला डिमर (लाइट कमी-जास्त करायचा कंट्रोल), किती टक्के, फेड (लाइट हळूहळू चढणं-उतरणं) किती सेकंदांचा, सगळं. टेम्पोचंपण लिहा, जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं हे नव्या माणसाला कोण सांगणार? मग एकदोन प्रयोग त्याला लाइट बोर्डवर बसवा, तुम्ही मागे उभे राहा, हात मात्र लावू नका (जमणार नाही, माहितेय 😄)

प्रश्नकर्ता: नाइट खरंच अडकलीय. पण मालक घरच्यासारखे, मागायला कसंतरी वाटतं.

उत्तर १: घरच्यासारखे आहेत म्हणूनच अडकलीय हो. हिशोब व्हॉट्सअपवर टाका, तोंडावर बोलावं लागत नाही.