परदेशात पैसे हाताशी कसे ठेवलेत? मराठवाड्यातल्यांनी अनुभव लिहा

आपल्या भागातून आता माणसं सारखी बाहेर जातात. कुणी उमराला, कुणी पशुपतिनाथला, कुणी लेकीकडे अमेरिकेत, कुणी बियाणे कंपनीच्या टूरवर बँकॉकला. तिकीट-व्हिसाचं एजंट बघतो, पैशाचं ज्याचं त्याला बघावं लागतं. पुण्यासारखे फॉरेक्सवाले आपल्या तालुक्याच्या गावी नाहीत, आणि तिकडं कार्ड अडलं तर इथल्या शाखेत धावत जाता येत नाही. म्हणून विचारते: कार्ड कोणतं नेलं, रोख किती, कुठं अडलं, कसं सुटलं? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

अंबाजोगाई
सासू-सासऱ्यांना नणंदेकडे सिंगापूरला पाठवायचं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. परदेशातला वापर आपणच चालू करायचा. ॲपमध्ये ते बटण हिरवं केलं, तरी समाधान होईना म्हणून खाली सरकवत गेले. एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि नुसतं टेकवून द्यायचं, अशी चार वेगळी बटणं निघाली आणि चौघांपुढेही मर्यादा शून्य! बटण चालू आणि मर्यादा शून्य, म्हणजे कार्ड बंदच की. चारही आकडे भरले. मामांच्या नंबरला रोमिंग घातलं, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. दोन कार्डं दोन वेगळ्या बँकांची, एक मामांच्या खिशात, एक आत्याबाईंच्या पर्समध्ये. तिकडं काही अडलं नाही.

परभणी, कृषी सेवा केंद्र
कंपनीने थायलंडला नेलं होतं. पट्टायात एटीएममध्ये कार्ड घातलं की आधी सूचना येते, परदेशी कार्डाला फी लागेल. आम्ही गेलो तेव्हा ती २२० बाट होती. हजार बाट काढा नाहीतर दहा हजार, फी तेवढीच. म्हणून आम्ही दोघा-तिघांनी मिळून एकाच्याच कार्डावर एकदम मोठी रक्कम काढली आणि रात्री वहीत हिशेब मिटवला.

खरा घात त्यापुढच्या सूचनेत आहे. मशीन विचारतं, रक्कम रुपयांत करून घ्यायची का? खाली रुपयांचा पक्का आकडा दाखवतं. आपल्याला रुपये कळतात म्हणून बोट आपसूक तिकडंच जातं. माझ्यासोबतचे जिंतूरचे डीलर मागून म्हणाले, “आवो थांबा, ते नका दाबू, नको म्हणा.” नको म्हटलं तरी पैसे बाहेर येतात, फक्त रूपांतर आपल्या बँकेकडे होतं. मशीनने दाखवलेल्या रुपयांच्या आकड्यात मशीनवाल्याचा नफा आधीच धरलेला असतो. हॉटेलात आणि मॉलमध्येही हाच प्रकार, तिथं तर काउंटरवरचा माणूस कधी कधी आपल्याला न विचारताच रुपया निवडून मोकळा होतो. मी दर वेळेला “बाट, बाट” म्हणतच कार्ड पुढं केलं, आणि पावतीवर बाटच आहेत ना हे बघूनच निघालो. पुष्कळ बँका वर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरची जादा आकारणी, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ते निघण्याआधी आपल्या बँकेत विचारून ठेवा.

हिंगोली
वरच्याला जोड: फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधी परदेशी चलन भरून न्यायच्या कार्डात, डॉलर भरून बाटमध्ये खर्च केला तर तिथंही रूपांतराचे पैसे कापतात. जिथं जाताय तिथलंच चलन भरता येत असेल तर तेच भरा.

नांदेड
नेपाळचं थोडक्यात. आम्ही गेलो तेव्हा पाचशेची नोट तिकडं चालत नव्हती, म्हणून शंभराच्या नोटा नेल्या. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे कुणी कमी द्यायला लागलं की लगेच कळतं. काठमांडूत बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआय चाललं, पण ॲपमध्ये ते परदेशासाठी चालू करावं लागतं. मुक्तिनाथच्या वाटेवर मात्र रोखच बरी.

छत्रपती संभाजीनगर
अम्मी-अब्बांना घेऊन उमराला गेलो. एरवी परदेशी जाताना ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, हज-उमराला ती अट नाही. अब्बांना सगळं रोखच हवं होतं, पण एवढी रोकड हरममधल्या, म्हणजे मक्केच्या मोठ्या मशिदीतल्या, गर्दीत सांभाळायची कुणी? निम्मं कार्डात भरलं. रियाल, म्हणजे सौदीचं चलन, घेताना ५०,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही, चेक किंवा खात्यातून द्यावे लागतात. आणि भाव तपासायची सोपी रीत सांगतो: एका डॉलरला ३.७५ रियाल हे कायम ठरलेलं आहे. त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला पावणेचारने भागायचं. जो आकडा येईल त्याच्या कितीतरी वर कुणी रियाल विकत असेल तर सरळ दुसरं दुकान गाठायचं. पाच आणि दहा रियालच्या नोटा मुद्दाम मागून घ्या, टॅक्सीला आणि सदक्याला म्हणजे दानधर्माला त्याच लागतात.

लातूर
अमेरिकेत भाड्याच्या गाडीत पेट्रोल भरताना पंपाने पिन मागितला नाही, झिप कोड मागितला, म्हणजे तिथल्या पत्त्याचा पाच आकडी पिनकोड. आपल्या कार्डाला तो कुठून असणार? भाचा आत काउंटरवर गेला, पंपाचा नंबर सांगून कार्ड तिथं चालवलं, मग तेल आलं. दुसरं म्हणजे हॉटेल आणि गाडीवाले डिपॉझिट म्हणून रक्कम अडवून ठेवतात. तिथं क्रेडिट कार्डच द्यावं. त्यात नुसती मर्यादा अडते, डेबिटमध्ये खात्यातले खरेखुरे पैसे अडकून बसतात.

बीड
मुलगा शिकायला जर्मनीत आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरले. आमच्याकडे सगळ्यांना वाटत होतं की आता पोराला पैशाची चिंता नाही. तसं नसतं. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, आणि तेही तिथं त्याचं स्वतःचं खातं उघडल्यावर. खोली, पत्त्याची नोंद, मग खातं, यात आठवडे जातात. तेवढ्या दिवसांचं भाडं, खोलीचं डिपॉझिट आणि खाणं वेगळ्या कार्डावर आणि थोडं रोख द्या. रोख यासाठी की कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने त्याला कार्ड दाखवल्यावर मान हलवली. ज्या आयांची पोरं यंदा निघालीत त्यांनी हे नक्की धरून चाला.

अंबाजोगाई
उरलेल्या नोटांचं काय केलंत?

जालना
२,००० डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत दुकानात विकायचे. नाण्यांना मात्र इथं कुणी विचारत नाही, ती तिकडंच विमानतळावर चहा-पाण्यात खर्चून या.