सहा आकड्यांना ६१७४ सारखा एकच मुक्काम नाही

संख्येचे आकडे उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा पुन्हा तेच करायचं. कुणीतरी लिहिलंय की असं करत गेलं की चार आकडी संख्या (सगळे आकडे सारखे नसतील तर) जशी शेवटी ६१७४ वर येऊन थांबते, तशी सहा आकडीही एकाच संख्येवर थांबत असणार. नाही थांबत. तिथे स्थिर संख्या, म्हणजे वजाबाकीनंतर पुन्हा तीच येते अशा, दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय सात संख्यांचा एक फेरा आहे. त्यात शिरलं की सुटका नाही. (पाच आकड्यांत तर स्थिर संख्याच नाही, नुसते फेरे.)

ठाण्याचा पिनकोड घ्या, ४००६०१. ही वजाबाकीची गंमत शोधणारे गणिती द. रा. कापरेकर शाळेला ठाण्यातच होते, तेव्हा सुरुवात इथूनच. पहिली वजाबाकी: ६४१००० − ०००१४६ = ६४०८५४. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि मग ४२०८७६. इथून फेरा सुरू: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, की पुन्हा ४२०८७६. पुढचे शून्य मात्र गाळू नका, बहुतेकांचं गणित तिथेच फिसकटतं. पडताळा सोपा आहे: प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा, कारण दोन्ही संख्यांत आकडे तेच, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकीही तीच.

वाशीचा ४००७०३ जरा जास्त रेंगाळतो. दहाव्या वजाबाकीला ८५१७४२ येतं, म्हणजे तोही त्याच फेऱ्यात. ६३१७६४ वर उतरणारा पिनकोड आपल्या पट्ट्यात कुणाला सापडला तर इथे टाका.