गाळ हौदाआधी ढिगाऱ्यावरच अडवावा
उमरेडसारख्या खुल्या कोळसा खाणीतील गढूळ पाण्यासाठी गाळहौद (पाणी थांबवून गाळ तळाशी बसू देणारा हौद) मोठा करावा, अशी एक सूचना आहे आणि ती योग्य आहे. परंतु तेवढ्याने भागणार नाही. नागपूरकडील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो, आणि चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की बाटलीत भरून ठेवलेले पाणी दुसऱ्या दिवशीही चहासारखे दिसते. बाहेर सोडायच्या पाण्यात मात्र निलंबित घनकणांची (पाण्यात तरंगत राहणाऱ्या बारीक कणांची) मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे. म्हणून माती खाणीतून काढून रचलेल्या ढिगाऱ्यावरच अडवावी: उताराला पायऱ्या, त्यांवर गवत, पायथ्याशी दगडी बांध, शिवाय बाहेरचे स्वच्छ पाणी चर खणून आधीच वळवावे. हौदातील गाळ मे महिन्यातच उपसावा, याबाबत माझा विशेष आग्रह आहे, कारण गाळाने निम्म्या भरलेल्या हौदात पाणी पुरेसा वेळ थांबत नाही आणि गाळ थेट नाल्यात जातो.