'ले रीडर'ला मराठीत काय म्हणावं?

दौत-टाक (मूळ प्रश्न)
नमस्कार मंडळी. एक शब्द अडलाय. माझी वहिनी न्यू जर्सीत असते, तिथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये (इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या अमेरिकी चर्चमध्ये) जाते. रविवारच्या उपासनेत हातभार लावण्याचं प्रशिक्षण ती सध्या घेतेय, ते संपलं की बिशपांकडून परवाना मिळेल. घरात सगळे म्हणतात, 'ती ले रीडर (lay reader, म्हणजे पाद्र्याची दीक्षा न घेता उपासनेत वाचणारी) होणार.' ही बातमी नगरच्या आत्याला पत्रातून कळवायचं काम माझ्याकडे आलंय. आत्याचं वाचन दांडगं आहे, पण पत्रात इंग्रजी शब्द आला की ती फोन करून झाडते.

संगणकाला विचारलं तर त्याने 'सामान्य वाचक' असं दिलं. म्हणजे वहिनी दिवाळी अंकाची वर्गणीदार झाली! मला सुचलेले शब्द: अदीक्षित वाचक, लोकवाचक, उपासनावाचक. एकही पटत नाही.

पाटीपेन्सिल
'अदीक्षित पाठक' करा, दोन आडनावांची सोयरीक होईल. विद्यापीठातल्या रीडरला आपण 'प्रपाठक' म्हणतो, तोही आहेच. शिवाय 'वाचक' व्याकरणातही येतो: प्रश्नवाचक, संख्यावाचक. वहिनी नक्की कशाच्या वाचक आहेत ते कळलं तर पुढे बोलू.

बावखल
आमच्या वसईत 'ले'साठी 'प्रापंचिक' हा शब्द रुळलेला आहे. धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक, अशी विभागणी. मिस्सामध्ये (आमच्या मुख्य उपासनेत) पहिलं वाचन, दुसरं वाचन प्रापंचिकच करतात, शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला भाग) मात्र फादर किंवा डीकन (फादरच्या खालची दीक्षा झालेले) वाचतात. रोमन कॅथलिकांत वाचकपद ही पूर्वी फक्त पुरोहितपदाकडे जाणाऱ्यांची एक पायरी होती. 1972 मध्ये पोप पॉल सहावे यांनी प्रापंचिक पुरुषांना हे पद खुलं केलं, आणि 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही. तेव्हा 'प्रापंचिक वाचक' बसेल असं वाटतं.

जुनी वही
बावखल, शब्द गोड आहे, पण या घरी चालणार नाही. तुमचे फादर अविवाहित, म्हणून समोरचे ते प्रापंचिक. एपिस्कोपल पाद्र्याला बायको असते, मुलं असतात, घराचे हप्ते असतात. तोही पुरता प्रापंचिकच की! ग्रीक मुळात 'लाओस' म्हणजे लोक, त्यावरून 'ले'. संसाराचा त्यात काही संबंध नाही. दीक्षा न झालेला, लोकांतला, एवढाच अर्थ.

आता 'रीडर'. हा शब्द का आला ते पाहिलं तर तो इतका विचित्र वाटणार नाही. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा तिथे इंग्लंडच्या चर्चचा एकही बिशप नव्हता. पाद्री व्हायचं तर बिशपाचा हात डोक्यावर पडायला हवा, आणि त्यासाठी जहाजाने इंग्लंड गाठायचं. साहजिकच पाद्री मोजके आणि वस्त्या दूरदूर. मग गावातला एखादा शिकलेला माणूस उभा राहून प्रार्थनापुस्तकातली उपासना वाचायचा. उपदेशसुद्धा दुसऱ्याने लिहिलेला, छापील. स्वतःच्या मनाचं बोलायचं नाही, वाचायचं. म्हणून रीडर! अमेरिकेतल्या या चर्चचे पहिले बिशप सॅम्युएल सीबरी. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडात राजनिष्ठेच्या शपथेची अडचण आली, म्हणून त्यांना 1784 मध्ये स्कॉटलंडच्या बिशपांनी ॲबर्डीनला दीक्षा दिली. 'एपिस्कोपल' याचा अर्थच 'बिशप असलेलं'. मूळ ग्रीक शब्द देखरेख करणाऱ्यासाठी, आणि मराठी शास्त्रात (बायबलात) तीमथ्याच्या पत्रात त्याला 'अध्यक्ष' म्हटलंय. (आत्याला हे सांगू नका. तिला वाटेल, वहिनी अध्यक्षीय पक्षात गेली.)

इंग्लंडात हे रीडरपद 1866 मध्ये नव्याने सुरू झालं, स्त्रियांना ते 1969 मध्ये मिळालं. तिथल्या रीडरांचा गळ्यातला निळा पट्टा ओळखीचा आहे. अमेरिकेच्या नियमावलीत मात्र आज 'ले रीडर' हे नावच उरलेलं नाही. परवाना लागणारी कामं वेगवेगळी केली आहेत: उपासना चालवणारा वेगळा, उपदेश करणारा वेगळा, प्रभुभोजनाचा प्याला देणारा वेगळा, तेच आजाऱ्याच्या घरी नेणारा वेगळा. नुसता शास्त्रपाठ वाचायला तर परवानाच लागत नाही. तेव्हा दौत-टाक, आधी विचारा, वहिनीच्या कागदावर यातलं काय लिहिलंय?

टाळकरी
मी ख्रिस्ती नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं तेव्हा पुढे बसून सगळ्यांकडून ओव्या म्हणवून घेणाऱ्याला आम्ही 'व्यासपीठ चालक' म्हणतो. तो कीर्तनकार असेलच असं नाही. त्याचं काम लय सांभाळायची, कुठे थांबायचं ते ठरवायचं, मागचे रेंगाळले तर त्यांना गाठून आणायचं. 'चालक' हा शब्द तिथे गाडीच्या ड्रायव्हरसारखा अजिबात वाटत नाही. तुमचं काम याच जातीचं दिसतंय.

दौत-टाक
वहिनीशी बोललो. कागदावर 'उपासना चालवणारी' याच अर्थाचं आहे, घरातल्यांनी जुनं नाव धरून ठेवलंय. टाळकरी, तुमचा चालक एकदम नेमका!

शिकवतात काय, तर शास्त्र, प्रार्थनापुस्तक, उपासनेची रीत आणि आवाज. आवाजावर फार घाम गाळावा लागला म्हणाली. वाचायला उभं राहिल्यावर 'नमस्कार, आज मी वाचणार आहे' वगैरे नाही. 'यशयाच्या (बायबलातल्या एका संदेष्ट्याच्या) पुस्तकातून वाचन', इतकंच म्हणून सुरू. नाटकी चढउतार नकोत. शेवटच्या ओळीनंतर श्वासभर थांबायचं, मगच 'हा प्रभूचा शब्द'. नाहीतर ते वाक्य यशयाच्याच तोंडी जातं. पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) रविवारी बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय असतो. त्यातली पार्थी, मेदी, एलामी, फ्रुगिया, पंफुल्या ही यादी समोर आली की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. ती वहिनीच्या वाट्याला आली. तिने लहानपणी नगरला मराठीत पाठ केलेल्या चालीवर इंग्रजी यादी घडाघडा म्हटली.

पण खरी मेख पुढेच आहे. पापकबुलीची प्रार्थना झाली की पाद्री एकटा उभा राहून म्हणतो, सर्वसमर्थ देव तुमच्यावर दया करो, तुमच्या पापांची क्षमा करो. वहिनी उपासना चालवत असेल तेव्हा तिने हेच वाक्य म्हणायचं, पण उठायचं नाही, गुडघ्यांवरच राहायचं, आणि 'तुमच्या'च्या जागी 'आमच्या' म्हणायचं. 1979 च्या प्रार्थनापुस्तकात तशी सूचनाच छापली आहे. क्षमा जाहीर करायचा अधिकार पाद्री आणि बिशप यांचा. बाकीच्यांनी ती मागायची, आणि स्वतःला धरून मागायची.

विभक्तीप्रेमी
थांबा थांबा, हे मराठीत कसं करणार? इंग्रजीला सर्वनाम एक, आपल्याकडे दोन. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'मध्ये असतो. 'हे देवा, आम्हांवर दया कर' हे ठीक, कारण ऐकणारा देव, आणि तो त्या 'आम्हां'त नाही. पण वहिनीचं वाक्य देवाला उद्देशून नाही. 'देव दया करो' हे मंडळीला ऐकवायचं आहे. तिथे 'आम्हांवर' म्हटलं तर बाकांवरचे लोक बाहेर पडले! 'लग्नाला आम्ही जाणार आहोत' असं शेजारणीला सांगितल्यावर तिचं तोंड जसं होतं, तसं मंडळीचं होईल.

बरं, 'आपल्यावर' करावं तर त्याहून वाईट. आपलं 'आपण' आदरार्थी 'तुम्ही'चंही काम करतं. पाद्री अदबीने 'देव आपल्या पापांची क्षमा करो' म्हणाला तर तो अधिकाराने बोलला. वहिनी तेच वाक्य म्हणाली तर तिने विनंती केली. ऐकणाऱ्याला फरक काय कळणार? ज्या एका शब्दासाठी तिकडे सूचना छापावी लागली, तोच इकडे दोन्हीकडून नाचतो.

जुनी वही
म्हणून तर गुडघे! उभा राहून, लोकांकडे तोंड करून म्हटलेलं 'आमच्यावर' लोकांना वगळतं. सगळे गुडघ्यांवर, त्यातलीच एक गुडघ्यांवर, अशा वेळी 'आमच्यावर' सगळ्यांच्या वतीने निघतं. सर्वनामाचं अर्धं काम तिथे अंग करतं. माझं मत 'आम्हांवर'ला.

विभक्तीप्रेमी
रेडिओवर ऐकणाऱ्याला गुडघे दिसत नाहीत, साहेब. मी 'तुम्हांआम्हां सर्वांवर' म्हणेन. जरा लांब आहे, पण कुणी बाहेर राहत नाही आणि कुणी वर चढत नाही.

बावखल
'तुम्हांआम्हां' छान आहे. शेवटच्या आशीर्वादालाही चालेल. तिथेही वहिनींना 'तुम्हां सर्वांबरोबर असो' म्हणता येत नसेल ना?

दौत-टाक
बरोबर, तिथेही तेच. आशीर्वाद पाद्र्याचा. ती 'कृपा आपणां सर्वांबरोबर असो' या अर्थाचं म्हणते, म्हणजे पुन्हा विभक्तीप्रेमींच्या 'आपण'च्या खड्ड्यात.

असो. पत्रात 'उपासनाचालिका' लिहिलं आणि खाली दोन ओळींत काम समजावलं. काल आत्याचा फोन आला. शब्दाबद्दल झाडलं नाही, पण तिला तो लागलाही नाही. म्हणाली, "म्हणजे रे, आमच्या गावात पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी शाळेचे मास्तर उपासना घ्यायचे. ते करते का ती?" मी म्हटलं, हो, तेच. "मग मास्तर झाली म्हण की."

विभक्तीप्रेमी, ते मास्तर क्षमेच्या वाक्यात काय म्हणायचे, तेही विचारलं. "ते वाक्य आलं की मास्तर आवाज उतरवायचे," एवढंच तिला आठवतंय.