वेलाझ्क्वेझची ‘अंडी तळणारी म्हातारी’: अंड्याचा पांढरा कसा साधायचा?

प्रश्न: स्पॅनिश चित्रकार वेलाझ्क्वेझच्या या चित्राची (१६१८) तैलरंगात प्रत करतेय. भांड्यातल्या अंड्याचा पांढरा भाग खडूसारखा सपाट दिसतो आणि सुरीची सावली खोटी वाटते. कुठे चुकतंय?

उत्तर १: कॅनव्हास पांढराच ठेवला असेल तर गडबड तिथेच आहे. स्पेनमधल्या सेव्हिया शहरात तेव्हा आधी तपकिरी अस्तर देत; वेलाझ्क्वेझचे गुरू पाचेको यांनी तिथल्याच मातीचं, अळशीच्या तेलातलं अस्तर सुचवलंय. रॉ अंबरचा (मातकट तपकिरी रंग) पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग थंड असतो, फार झाकतोही. त्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळा. अंडं कडेने आधी गोठतं, म्हणून दाट रंग कडेलाच. मधे इतका पातळ लावा की खालचा तपकिरी झिरपून दिसेल. पारदर्शक अंडं पांढरं होत जातानाचा तो नेमका क्षण आहे, चित्राचा सगळा जीव त्यात आहे!

उत्तर २: सुरी खोलगट ताटलीवर आडवी आहे, म्हणून सावली आतल्या उतारावर वाकते. सरळ रेघ मारलीत की ताटली सपाट झालीच. प्रकाश डावीकडून येतो, तेवढं सांभाळा.

उत्तर ३: आणखी एक. अंड्यांचं भांडं बाकीच्या वस्तूंपेक्षा जास्त वरून पाहिल्यासारखं आहे. ते ‘सुधारायला’ जाऊ नका, भांड्याच्या तोंडाचा लंबगोल चपटा केलात तर अंडी दिसणारच नाहीत. मूळ चित्र १००.५ × ११९.५ सेंमी आहे. छोट्या कॅनव्हासवर करत असाल तर फक्त शेगडी, भांडं आणि तिचे दोन्ही हात घ्या.