गणपती क्विझचा १४ वा प्रश्न (सोसायटी ग्रुप)

ए-४०२, क्विझ कमिटी: सर्वांना नमस्कार 🙏 क्रीडा विभागाचे प्रश्न तयार आहेत. १४ वा बघून घ्या. "विश्वचषक न जिंकलेला सर्वांत मोठा ब्राझिलियन मिडफिल्डर कोण?" उत्तर झिको. चालेल ना?

बी-१०१: ताई, सॉक्रेटिस पण नाही जिंकला. फाल्काव पण नाही. तिघं १९८२ च्या एकाच टीममध्ये होते. स्टेजवर भांडणं लागतील.

सी-२०४: मुळात झिको मिडफिल्डर कुठला? ब्राझीलसाठी ४८ गोल आहेत त्याचे.

बी-१०१: काका, दहा नंबर तो. स्ट्रायकरच्या मागे खेळायचा. गोल करायचा हा त्याचा गुन्हा का? 😄

सी-२०४: अरे, आम्ही कोल्हापूरचे. ब्राझीलच्या बाबतीत आम्हाला शिकवू नकोस.

सेक्रेटरी: टँकर आला आहे. गेटसमोरची पांढरी गाडी ताबडतोब हलवा.

सी-२०४: ८२ च्या वर्ल्डकपला इटलीविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. त्यांचा डिफेंडर जेंटिले, त्याने झिकोला असा धरून ठेवला की जर्सी टराटरा फाटली, तरी पेनल्टी नाही. त्याच जेंटिलेला चकवून सॉक्रेटिसला पास दिला आणि ब्राझीलचा पहिला गोल झाला. पण इटलीच्या रॉसीने तीन मारले. ३-२, खेळ खल्लास.

ए-४०२, क्विझ कमिटी: म्हणजे बिचारा कमनशिबीच.

सी-२०४: ८६ चं ऐका. गुडघा आधीच कामातून गेलेला, १९८५ मध्ये त्याच्या क्लबकडून, फ्लामेंगोकडून खेळताना एकाने भयानक टॅकल केलं होतं. फ्रान्सविरुद्ध बदली म्हणून उतरला. आल्या आल्या ब्रँकोला असा पास दिला की पेनल्टी मिळाली. मारली यानेच, गोलकीपर बाट्सने अडवली. नंतर शूटआउटमध्ये याने गोल केला, पण सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार चुकले. आणि लोकांच्या लक्षात राहिली ती झिकोची पेनल्टी! हा अन्याय आहे राव.

बी-३०५: त्या पेनल्टीवरून चाळीस वर्षं रडतायत लोक. फ्रान्सचा प्लातिनी पण त्याच शूटआउटमध्ये चुकला, त्याला कोणी बोलत नाही.

सी-२०४: जिंकलेल्याला कोण बोलणार?

बी-१०१: मला विचाराल तर वर्ल्डकपची फूटपट्टी लावणंच चूक. १९८१ मध्ये फ्लामेंगोने कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा, जिंकली आणि डिसेंबरमध्ये टोकियोत लिव्हरपूलला ३-० ने झोपवलं. झिकोचा एकही गोल नाही, पण सगळा खेळ त्याच्याच पायातून निघत होता. मिडफिल्डर म्हणतात तो हाच, काका.

सी-२०४: बरं बाबा, मिडफिल्डर.

ए-७०३: मी मडगावची, मला बोलू द्या. १९८३ मध्ये इटलीच्या उदिनेसेने त्याला घेतलं, तर त्यांच्या फेडरेशनने आडकाठी आणली. उदिने ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ. लोक रस्त्यावर उतरले, "झिको नाहीतर ऑस्ट्रिया" अशी घोषणा! शेवटी आलाच. पहिल्या सीझनला लीगमध्ये २४ सामन्यांत १९ गोल.

बी-३०५: काकू, तुम्हाला एवढं कसं माहीत? 😮

ए-७०३: अरे, तो आमच्या एफसी गोवाचा कोच होता, २०१४ ते २०१६. इंडियन सुपर लीगच्या २०१५ च्या फायनलला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होते मी. ८७ व्या मिनिटाला आमच्या जोफ्रेने गोल केला, २-१. म्हटलं कप घरी आला. मग आमच्याच गोलकीपरकडून बॉल आत गेला, आणि लगेच चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारला. दोन-तीन मिनिटांत सगळं गेलं. पुढच्या वर्षी तर तळाला गेलो. तरी झिकोबद्दल वाईट बोललेलं मला चालत नाही.

डी-१०३: 🌸 शुभ सकाळ 🌸

सी-२०४: दुपारचे चार वाजलेत वहिनी.

बी-१०१: जपानचं काशिमा राहिलंच. १९९१ मध्ये जपानला गेला तेव्हा वय ३८. मधल्या काळात ब्राझीलच्या सरकारात क्रीडा खातंही सांभाळून झालेलं. तिथे टीम कुठली, तर सुमितोमो कंपनीची, दुसऱ्या डिव्हिजनमधली. तीच पुढे काशिमा अँटलर्स झाली. १६ मे १९९३, जे लीगमधला त्यांचा पहिलाच सामना, समोर इंग्लंडच्या स्ट्रायकर लिनेकरची टीम, नागोया. चाळिशीतल्या माणसाने हॅटट्रिक केली, ५-० जिंकले. स्टेडियमबाहेर पुतळा आहे त्याचा. पुढे जपानचा कोच झाला, २००४ चा आशिया कप जिंकून दिला. पेन्शन घ्यायला गेलेला माणूस असा राबत नाही. माझ्या मते फ्लामेंगोइतकंच हे मोठं काम.

सी-२०४: फ्लामेंगोइतकं? मुळीच नाही. पण मोठं, हे मान्य.

ए-४०२, क्विझ कमिटी: मग प्रश्न बदलू का? "झिको नाहीतर ऑस्ट्रिया ही घोषणा कोणत्या शहरात दिली गेली?"

बी-३०५: ताई, उत्तर आत्ताच १२० जणांनी वाचलं 😂

ए-४०२, क्विझ कमिटी: 🤦‍♀️ १४ वा रद्द. १५ वा बुद्धिबळाचा आहे, तो इथे टाकत नाही.

सेक्रेटरी: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.