मदत हवी आहे: विकास आराखड्यावर हरकत कशी लिहायची?

मंडळी नमस्कार, आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, छोटी नगरपरिषद. आता पुढच्या 20 वर्षांचा प्रारूप डीपी, म्हणजे विकास आराखडा जाहीर झालाय, आणि एमआरटीपी अ‍ॅक्ट 1966 (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) च्या कलम 26 प्रमाणे हरकती-सूचना द्यायला फक्त 30 दिवस असतात म्हणून घाईत विचारतोय.

नकाशा बघितला तर ओढ्याच्या कडेची सगळी जमीन पिवळी, म्हणजे रहिवासी झोन. परतीच्या पावसात तिथं गुडघाभर पाणी असतं हो, शेंबड्या पोराला पण माहितीय! आणि बाजाराची जागा तेवढीच्या तेवढी, गुरुवारी एसटी स्टँडपर्यंत पाल लागतात ते काय कुणाला दिसलं नाय का. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल भरवसा नाही, त्यात एवढी वस्ती वाढवून पाणी आणणार कुठनं, उजनी काय आपल्या एकट्याची आहे का?

तर विचारायचं हे की हरकत प्रत्येकानं वेगळी द्यावी का एकच अर्ज करून खाली सह्या घ्याव्यात, नियोजन समितीच्या सुनावणीत कशाला वजन असतं? सर्व्हे नंबर टाकून पुराचे फोटो जोडायचे ठरलंय, पोचपावती तर घेणारच.

अजून एक, आमच्या काकांच्या शेतावर जुन्या डीपीत बागेचं आरक्षण आहे, 10 वर्षं कधीच होऊन गेली, ताबा नाही मोबदला नाही. कलम 127 ची नोटीस (जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा म्हणून) आत्ताच द्यावी का नवीन आराखडा मंजूर होईपर्यंत थांबावं? बार्शी, पंढरपूर, सांगोल्याकडं कुणी हे केलं असेल तर अर्जाचा नमुना टाका राव.